अण्णाच्या नावावर आलेले पाठ

अण्णा गेल्याला सोळा दिवस झाले होते, तेव्हा त्याच्या नावावर तिसरा पाठ आला. तपकिरी पाकीट, टाइप केलेला पत्ता, आणि कोपऱ्यात शहराच्या उत्तरेकडच्या एका ख्रिस्ती महाविद्यालयाचा शिक्का. मी ऑफिसला निघाले होते. पोस्टमननं पाकीट माझ्या हातात दिलं आणि सायकलवर टांग टाकून पुढे गेला. मी ते पर्समध्ये ठेवलं आणि बस पकडली.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते आणि एका वकिलांकडे टायपिस्ट होते. अण्णा माझा भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. होसकोटेला एका कारखान्यात लेथवर काम करायचा. तापानं आजारी पडला तो सोमवारी, आणि गुरुवारी दुपारी गेला. ताप मेंदूत गेला असं डॉक्टर म्हणाले. त्या चार दिवसांत मी दोनदा त्याच्यासाठी दवाखान्यात संत्री घेऊन गेले होते. एवढंच मला नीट आठवतं. तेराव्यानंतर चौदाव्या दिवशी मी कामावर गेले आणि एका भाडेकराराच्या तीन प्रती टाइप केल्या. एकही चूक झाली नाही. वकीलसाहेब म्हणाले, हवं तर आणखी दोन दिवस घ्या. मी म्हटलं, नको. घरी बसून काय करायचं हे मला माहीत नव्हतं. रडू येत नव्हतं. येईल म्हणून बायका माझ्याकडे बघत राहायच्या, त्यामुळे घरात जास्तच अवघड व्हायचं.

अण्णाला पोस्टानं शिकायची हौस होती. दहावीनंतर आयटीआय केलं, पण शिक्षण राहून गेलं असं त्याला वाटायचं. रेडिओ दुरुस्तीचा कोर्स त्यानं असाच केला, हिंदीच्या परीक्षा दिल्या, होमिओपॅथीचा कोर्स अर्धा सोडला. त्यामुळे त्याच्या नावावर पाकिटं येणं आमच्या घरात नवीन नव्हतं. हा कोर्स कशाचा आहे हे मात्र त्यानं सांगितलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी पाकीट उघडलं. आत कन्नडमध्ये छापलेली वीसेक पानांची पुस्तिका होती, आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथांचा आणि त्या काळाचा परिचय, पाठ तिसरा. त्याच्या आत घडी घालून ठेवलेले चार फुलस्केप कागद होते. अण्णाचं अक्षर. दुसऱ्या पाठाची उत्तरं त्यानं आजारी पडायच्या आधी पाठवली होती, ती तपासून परत आली होती. समासात हिरव्या शाईनं कोणीतरी लिहिलं होतं, ‘उत्तर बरोबर आहे, पण फार घाईत संपवता. का, हेही लिहीत जा.’ खाली सही नव्हती, दोन अक्षरं होती.

महाविद्यालयाला कळवायचं म्हणून मी मशीनमध्ये कागद घातला. ‘कळवण्यास अत्यंत दुःख होते की’ एवढं टाइप केलं. पुढचं वाक्य मी त्या महिन्यात नातेवाइकांना वीसेक पत्रांत लिहिलं होतं. हात थांबला. कागद काढून मी टोपलीत टाकला आणि पुस्तिका वाचायला घेतली.

संध्याकाळी घरी येऊन मी तिसऱ्या पाठाची उत्तरं लिहिली आणि वर अण्णाचं नाव घातलं. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. कोणीतरी त्याच्याकडून उत्तराची वाट बघतंय, एवढंच डोक्यात होतं.

तीन आठवड्यांनी चौथा पाठ आला. माझ्या उत्तरांवर हिरव्या शाईत शेरा होता, ‘या वेळी अक्षर बदललेलं दिसतं. हाताला काही झालं आहे का?’ पुढच्या उत्तरांच्या खाली मी लिहिलं, ‘होय. आता बरा आहे.’

असे सात महिने गेले. पाकिटं मी सकाळी पोस्टमनकडून परस्पर घ्यायचे. वाचायचे ऑफिसात, लिहायचे घरी, आई स्वयंपाकात असताना. तोपर्यंत येशू म्हटलं की मला मिशनच्या दवाखान्यातलं कॅलेंडर आठवायचं, त्यापलीकडे काही नाही. पुस्तिकेत त्याच्या चमत्कारांपेक्षा त्या मुलखाबद्दल जास्त होतं. गालील प्रांतातले कोळी, जाळ्यांवर आणि माशांवर लागणारे कर, रोमनांनी बांधलेले रस्ते आणि त्या रस्त्यांवरून जाणारे सैनिक. तिथली माणसं घरात अरामी बोलायची, बाजारात ग्रीक, प्रार्थना हिब्रूत आणि सरकारचे शिलालेख लॅटिनमध्ये. हे मला समजावून सांगायची गरज पडली नाही. आमच्या घरात मराठी, गल्लीत कन्नड, ऑफिसात इंग्रजी आणि पूजेला संस्कृत. आमचे पूर्वज या शहरात कधी आले ते कोणालाच सांगता येत नाही, पण आमच्या मराठीत ‘थोडं’साठी ‘स्वल्प’ आणि ‘बरं’साठी ‘सरी’ इतके मुरलेत की ते मराठी नाहीत हे मला बेळगावला लग्न होऊन गेल्यावर कळलं. मराठी लिहायलाही मी तिथेच शिकले.

सहाव्या पाठात एक गोष्ट होती, ती मला अजून आठवते. बायबलच्या नव्या करारात शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या चरित्राची पुस्तकं, आधी छापलेली असली तरी प्रचारकांची काही पत्रं त्यांच्याआधी लिहिली गेली. येशू गेल्यावर पहिलं शुभवर्तमान लिहून व्हायला तीस-चाळीस वर्षं लागली. तोवर लोक नुसतं सांगत होते. आणि ज्यांनी पुढे लिहिलं, त्यांना शेवट ठाऊक होता, म्हणून त्यांनी लिहिलेल्या पहिल्या पानावरही शेवटाची सावली आहे. हे वाचून मी अण्णाचा आजारी पडायच्या आधीचा रविवार आठवून पाहिला. तो दारात बसून चपलेचा अंगठा शिवत होता. मी पाणी मागितलं तर म्हणाला, ‘तूच घे की.’ हे वाक्य मला आता मोठं वाटत होतं. त्या रविवारी ते काहीच नव्हतं. मी पुस्तिका मिटली आणि एक मुखत्यारपत्र टाइप करायला घेतलं.

मग आठवा पाठ अप्पांच्या हातात पडला.

अप्पा म्हणजे आमचे वडील. त्यांचं शिंपीकाम. घरापासून चार दुकानं सोडून त्यांचं दुकान होतं, दोन मशिनं आणि एक टेबल. पोस्टमन बदलला होता. नव्यानं पाकीट दुकानात दिलं. मी संध्याकाळी येताना दुकानाशी थांबले, तर अप्पांनी पाकीट टेबलावर कात्रीखाली ठेवलेलं होतं. शेजारचे बांगडीवाले मामा स्टुलावर बसले होते. पाकिटावरच्या शिक्क्यातला क्रूस त्यांनीच आधी पाहिला असणार.

“हे त्याच्या नावावर आलंय,” अप्पा म्हणाले.

“कोर्स आहे, अप्पा. पोस्टाचा.”

“कसला?”

मी सांगितलं. मामा म्हणाले, “असंच सुरू होतं. आधी पुस्तकं पाठवतात, मग माणसं येतात.”

अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला विचारलं, “तो तिकडे जाणार होता काय?”

“मला माहीत नाही.”

“तुला माहीत नाही.”

“नाही, अप्पा. त्यानं सांगितलं नव्हतं.”

मामा उठून गेले. अप्पांनी मशीनवर पाय ठेवला, पण चालवलं नाही. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “मग मी दिवस केले ते कोणाचे?”

मला पटकन कळलं नाही. मग कळलं. अण्णानं मनानं धर्म सोडला असेल, तर पिंड दिले, तेरावं केलं, ते त्याला पोहोचलं की नाही, हे ते विचारत होते. सात महिने अप्पा त्याच्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. बोलले ते हे. त्यांचा हात कापडावर सपाट ठेवलेला होता. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी त्यांच्या नखाखालचा खडू बघत उभी राहिले, आणि मग पाकीट उचलून घरी आले. पाकिटं सात महिने येतायत आणि उत्तरं मी लिहितेय, हे मी सांगितलं नाही.

त्यानंतर अप्पा रोज जेवायचे, कामावर जायचे, परत यायचे. दिव्याला नमस्कार करायचं मात्र त्यांनी बंद केलं. आईनं एकदा आठवण केली, तर म्हणाले, “राहू दे.”

आठवा पाठ मी चार दिवसांनी उघडला. तो पत्रांबद्दल होता. तंबू शिवून पोट भरणाऱ्या एका प्रचारकानं गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांना पत्रं लिहिली. त्याच्या नावाची जी पत्रं आज आहेत, त्यांतली काही त्याची नाहीत, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. तो गेल्यावर त्याच्या माणसांनी ती त्याच्या नावानं लिहिली. शब्द वेगळे पडतात, वाक्यं लांबतात, तो गेल्यानंतरच्या अडचणी त्यांत येतात. शेवटी प्रश्न होता, ‘गेलेल्या माणसाच्या नावानं लिहिणं ही फसवणूक आहे का? स्वतःचं मत दहा ओळींत लिहा.’

मी अण्णाचं नाव लिहिलं आणि बसून राहिले. एकही ओळ सुचली नाही. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि येलहंकाच्या बसमध्ये बसले. महाविद्यालय अलीकडच्याच एका थांब्यावर होतं. फाटकातल्या माणसाला मी शेऱ्याखालची दोन अक्षरं दाखवली. त्यानं मागच्या बाजूची एक बुटकी इमारत दाखवली.

मी पुरुषाची कल्पना केली होती. आत साठीच्या एक बाई होत्या, कॉटनची साडी, एक पाय अधू, खुर्चीला टेकवलेली काठी. टेबलावर हिरव्या शाईची दौत. त्या कन्नड बोलत होत्या, मीही.

मी अण्णाचं नाव सांगितलं. म्हटलं, “तुमच्याकडे पोस्टानं शिकतात ते.”

“हो हो. बसा. तुम्ही त्यांच्या मिसेस का?”

“नाही. बहीण. त्यांचं लग्न झालं नव्हतं.” मग मी सगळं एकदमच सांगून टाकलं, ऑफिसात कागदपत्र वाचून दाखवते त्या आवाजात. “ते वारले. आठ महिने होत आले. तिसऱ्या पाठापासून मी लिहिते आहे.”

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, “लिहिणारं माणूस बदललं, हे मला तिसऱ्याच पाठात कळलं होतं. अक्षरावरून नाही. ते अक्षर बदलू शकतं. पहिले दोन पाठ लिहिणारा माणूस सगळं ठामपणे लिहायचा. नंतरचा दर पानावर लिहितो, ‘मला नक्की माहीत नाही.’ माझं आयुष्य असल्याच कामात गेलं. मला वाटलं, कामावरून थकून येत असतील, बायको लिहून देत असेल. माणूस गेला असेल हे माझ्या मनात आलं नाही.”

“मी खोटं लिहिलं की हात बरा आहे.”

“हो. ते खोटं होतं.” त्यांनी ते सौम्यपणे म्हटलं, पण म्हटलं.

“आठव्या पाठाचं उत्तर मला येत नाही,” मी म्हटलं.

“मलाही दहा ओळींत येत नाही. ज्यांनी तशी पत्रं लिहिली, त्यांतल्या काहींना अधिकार हवा होता. काहींना, मला वाटतं, तो माणूस गप्प झालेला सहन होत नव्हता. कोणाला काय हवं होतं, हे दोन हजार वर्षांनी शब्द मोजून कळत नाही.”

त्यांनी चहा मागवला. मी प्यायले. मग मी ज्यासाठी आले होते ते विचारलं. खरं तर त्यासाठी आले होते, हे मला विचारताना समजलं. “मॅडम, ते धर्म बदलणार होते का?”

“मला कसं माहीत असणार? आम्ही कोर्समध्ये ते विचारत नाही. मी फक्त एक विचारते, का शिकायचं आहे.” त्या काठी घेऊन उठल्या, कपाटातली एक फाइल चाळली आणि एक अर्ज माझ्यापुढे ठेवला.

अण्णाचं नाव, पत्ता, शिक्षण, नोकरी. शेवटच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, ‘माझ्या शेजारच्या मशीनवर काम करणारा रोज जेवणाच्या सुट्टीत एक पुस्तक वाचतो. मी विचारतो त्याची उत्तरं त्याला देता येत नाहीत. तो काय वाचतो ते समजलं तर आम्हाला बोलता येईल.’

मी ते दोनदा वाचलं. बाई म्हणाल्या, “हा कागद ठेवून घ्या. मला तो आता लागणार नाही.” निघताना त्यांनी विचारलं, पुढचे पाठ कोणाच्या नावानं पाठवू. मी माझं नाव दिलं.

घरी आले तेव्हा अप्पा दुकान बंद करून ओट्यावर बसले होते. मी त्यांच्याजवळ बसले. सात महिने काय केलं ते आधी सांगितलं, मग अर्ज वाचून दाखवला. अप्पांना कन्नड वाचता येत होतं, तरी त्यांनी कागद हातात घेतला नाही. ऐकलं फक्त.

“तू लिहीत होतीस.”

“हो.”

“मला सांगायचं होतंस.”

“हो, अप्पा.”

“आणि हा शेजारच्या मशीनवरचा कोण?”

“माहीत नाही.”

“सरी,” अप्पा म्हणाले, आणि आत गेले.

सोमवारी त्यांनी दुकान उघडलं नाही. धुतलेला शर्ट घातला आणि होसकोटेची बस धरली. आईला सांगून गेले नव्हते. संध्याकाळी परत आले, पाय धुतले, आणि आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं. कारखान्याच्या फाटकावर ते सुट्टी होईपर्यंत थांबले होते. सुपरवायझरनं त्या माणसाला बोलावून आणलं.

“मी त्याला बघून ओळखलं,” अप्पा म्हणाले. “आपल्याकडे आला होता तो. त्या दिवशी. उंच, काळासा. उजव्या बाजूनं खांदा त्यानंच दिला होता, शेवटपर्यंत बदलला नाही. मी विचारलंही नव्हतं कोण म्हणून.”

आई म्हणाली, “मग?”

“मग विचारलं त्याला, सरळ. म्हटलं, माझा मुलगा तुमच्यात येणार होता काय. तो म्हणाला, नाही, अप्पा. मला कधी तसं म्हणाला नाही. नुसते प्रश्न विचारायचा. हे कोणी लिहिलं, कधी लिहिलं, तू वाचतोस ते खरं कशावरून. मी चिडायचो, असं तो म्हणाला. एकदा दोन दिवस बोललो नाही, तर तिसऱ्या दिवशी माझ्या डब्यात स्वतःची भाजी घालून म्हणाला, मी शोधून काढतो, तू जेव.” अप्पा थांबले. “कोर्सचं त्यालाही माहीत नव्हतं.”

मला वाटलं, आता तरी काहीतरी सुटेल, आईचं नाहीतर माझं. आईनं ताटं घेतली. आम्ही जेवलो. अप्पांनी त्या दिवशीही दिव्याला नमस्कार केला नाही. पुढच्या अमावास्येला मात्र कोणी न सांगता केला, आणि तिथून रोज.

आईला अक्षरओळख नव्हती. काही दिवसांनी ती तांदूळ निवडत होती, तेव्हा म्हणाली, “त्यानं लिहिलेलं आहे काय तुझ्याकडे? वाच बघू.” मी दुसऱ्या पाठाचे ते चार कागद काढले आणि कन्नड वाचत मराठीत सांगत गेले. रोमन रस्ते किती रुंद होते. कर कोण गोळा करायचं. गालीलच्या तळ्यात कोणते मासे मिळायचे. आई मान हलवत ऐकत होती. सुपातला हात थांबला नाही.

“माशांचं बरं लिहिलंय,” ती म्हणाली. “घरात कधी मासा आला नाही, त्याला कुठून कळलं?”

“पुस्तकात होतं, आई.”

“पुढे?”

“त्याचं एवढंच आहे.”

तिनं सुपातले तांदूळ पाखडून कोंडा उडवला. एक खडा काढून बाजूला ठेवला.

कोर्स मी पूर्ण केला. बाईंचा एक नियम होता, प्रमाणपत्र ज्याच्या नावाचं, सगळे पाठ त्याचे हवेत. म्हणून मला पहिले दोन पाठ नव्यानं लिहावे लागले. अण्णाची उत्तरं न बघता लिहिले. दोन्हींवर हिरवा शेरा आला, ‘ठीक आहे. थोडं ठामपणे लिहा.’ आठव्या पाठातल्या त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलंच नाही, आणि त्यांनी ते मागितलं नाही.

दिवाळीच्या सुमाराला तो कारखान्यातला माणूस दुकानात पँटचं कापड घेऊन आला. मी तिथेच होते. अप्पांनी फीत घेतली, माप घेतलं. त्यानं शिलाई विचारली, तर अप्पा म्हणाले, “गुरुवारी ये.” तो मला नमस्कार करून उभा राहिला. शेवटी त्यानं विचारलं, “तुम्ही वकिलांकडे असता ना?” मी हो म्हटलं. त्यानं बहिणीच्या रेशनकार्डाबद्दल एक प्रश्न विचारला. प्रतिज्ञापत्र लागेल असं मी सांगितलं, आणि कोणते कागद आणायचे ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं.